रुखवतातलं विमान

ज्ञानेश्वरी पिसाळ विमान कंपनीत नोकरीला आहे, हे बोईसरात पिसाळांच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ती तिथं नेमकं काय करते, हे मात्र एकालाही माहीत नव्हतं आणि कळून घ्यायची कुणाला घाईही नव्हती. या दुसऱ्या गोष्टीचा तिच्या वडिलांना, वामनरावांना, इतका संताप यायचा की डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवून दिली तरी तो उतरला नाही. डॉक्टरांनीही गोळी लिहिता लिहिता विचारलं होतं, "मुलगी एअर होस्टेस ना तुमची?"

एअर होस्टेस म्हणणारे तरी परवडले. ते निदान कौतुकानं विचारत. खरा अपमान पुढं व्हायचा. वामनराव छाती पुढं काढून सांगायचे, "छे छे, ती फ्लाइट डिस्पॅचर आहे." आता तारापूर एमआयडीसीत डिस्पॅच म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. कारखान्याच्या मागच्या दाराशी खोकी बांधून टेम्पोत चढवणारं खातं. समोरच्याचा चेहरा पडायचा. "एवढी शिकलेली मुलगी, आणि डिस्पॅचला?" असं म्हणून तो वामनरावांच्या खांद्यावर हात ठेवायचा. वामनराव स्वतः एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले. स्टोअर्स आणि डिस्पॅच यांचं कुठल्याही कारखान्यात पटत नाही. आपल्या पोटच्या पोरीला लोक परस्पर शत्रूच्या गोटात नेऊन बसवतात म्हटल्यावर त्यांची कानशिलं तापायची.

"अहो, विमान उडायच्या आधी कुठल्या वाटेनं जायचं, इंधन किती घ्यायचं, वाटेत ढग कुठं आहेत, हे सगळं ती मांडते. तिची सही नसेल तर पायलट नुसता खुर्चीत बसून राहतो." हे वामनराव इतक्या वेळा बोलले होते की घरात त्यांनी "अहो, विमान" एवढं म्हटलं तरी त्यांच्या पत्नी नर्मदाताई उठून गॅस बारीक करायला जायच्या. ऐकणारा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "मग तिकीट स्वस्तात मिळत असेल, नाही?"

अशात ज्ञानेश्वरीचं लग्न ठरलं. पालघरचे काशीद. मूळचे बार्शीकडचे, पण तारापूरच्या कारखान्यांनी इकडे आणलेले, म्हणजे पिसाळांसारखेच. मुलगा भाग्येश बोईसरला एका कंपनीत इंजिनिअर. शांत, सज्जन, जरा कमी बोलणारा. त्याची आई सोजराबाई मात्र कमी बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. बैठकीत त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवून सरळ विचारलं होतं, "पोरीची ड्यूटी कशी असती?"

इथं वामनरावांनी माती खाल्ली. ज्ञानेश्वरीची निम्मी ड्यूटी रात्रीची असायची. विमानं काही अंधार पडला म्हणून झाडावर जाऊन बसत नाहीत. पण समोर जुळत आलेलं लग्न, शेजारी सोजराबाईंची रोखलेली नजर. वामनराव म्हणाले, "ड्यूटी ना? अगदी सोयीची आहे." आणि त्यांनी पोह्यांचा मोठा घास घेतला, म्हणजे पुढचा प्रश्न आला तर तोंड रिकामं नको.

त्या संध्याकाळी ज्ञानेश्वरी म्हणाली, "बाबा, त्यांना रात्रपाळीचं मी सांगते." पण वामनरावांना ते कमीपणाचं वाटलं. मुलीच्या बापानं सांगायच्या काही गोष्टी असतात, मी योग्य वेळ बघून सांगतो, असं त्यांनी ठणकावलं. "बघा हं," ती म्हणाली. "लग्नानंतर त्यांनी नोकरी सोड म्हटलं तर मी नोकरी सोडणार नाही. मग काय सोडायचं ते तुम्हीच ठरवा." तेव्हापासून योग्य वेळ शोधण्यात साखरपुडा झाला, पत्रिका छापून झाल्या, हॉलला हार-तुऱ्यांचं सांगून झालं. सोजराबाईंचा फोन यायचा, वामनराव घसा साफ करायचे, आणि सोजराबाई मानपानाचं बोलून फोन ठेवून द्यायच्या.

अखेर रुखवताच्या निमित्तानं त्यांना वाट सापडली. नर्मदाताईंनी रुखवताची तयारी महिनाभर आधीच सुरू केली होती. साखरेची तुळस, सुपारीचे भटजी, लोकरीचं तोरण, लाडवांचा गड. वामनरावांनी कमरेवर हात ठेवून हा पसारा पाहिला आणि विचारलं, "यात आपली मुलगी कुठं आहे?"

"तुळशीच्या मागं ठेवलीय," नर्मदाताई म्हणाल्या.

"चेष्टा नको. रुखवत कशासाठी असतं? मुलीच्या अंगी काय आहे ते पाहुण्यांना दिसावं म्हणून. ज्ञानूनं जन्मात सुपारीचा भटजी केलाय का? तिचं काम मांडलं पाहिजे. विमान मांडलं पाहिजे." बेत असा, की रुखवतात मधोमध एक देखणं विमान ठेवायचं, त्याच्याशेजारी उड्डाणाच्या आराखड्याचा फलक लावायचा, सोजराबाईंनी तो वाचून थक्क व्हायचं, आणि त्या थक्क अवस्थेत त्यांना रात्रपाळीचं सांगून टाकायचं. आधी भूल द्यायची, मग चाकू लावायचा.

"त्यापेक्षा फोन करून सांगत का नाही?" नर्मदाताईंनी विचारलं.

"ही फोनवर सांगायची गोष्ट नाही."

"विमान बांधून सांगायची आहे?"

बायकोला मोठ्या गोष्टी कळत नाहीत, असं समजून वामनराव पायात चपला सरकवून बबलूकडे गेले. बबलूचं नाक्यावर रेडियमचं दुकान. गाड्यांच्या नंबर पाट्या, रिक्षांवरची शिवाजी महाराजांची चित्रं, बुलेटच्या टाकीवरची वाघाची तोंडं, सगळं तो करायचा. हात त्याचा चांगला होता, फक्त आवर नव्हता. "अंकल, एकदम असली बनाता हूँ," तो म्हणाला. वामनरावांच्या मनात जेवणाच्या ताटाएवढं विमान होतं. बबलूनं केलं ते जेवणाच्या टेबलाएवढं झालं. प्लायवूडचं पोट, पत्र्याचे पंख, काचांच्या जागी चंदेरी रेडियम, आणि शेपटीवर, कुणी न सांगता, एक वाघ.

ते लिफ्टमध्ये मावेना. जिन्याच्या वळणावर उजवा पंख अडकला आणि खाली येताना डावा. शेवटी ते इमारतीच्या पार्किंगमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी मनीष दारात हजर. हा मनीष वामनरावांना काका म्हणायचा आणि नियम दाखवताना अहो काका म्हणायचा.

"अहो काका, पार्किंग वाहनांसाठी आहे."

"विमान हे वाहन नाही?"

"नंबर कुठं आहे त्याला?"

या प्रश्नावर वामनराव इतके खवळले की त्यांनी मनीषला खाली नेऊन उभं केलं आणि विमान, आराखडा, ज्ञानेश्वरी, सही, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मनीषनं ऐकून घेतलं. ऐकल्यावर त्याला त्या विमानाबद्दल आपुलकी वाटू लागली, आणि हे त्याच्या विरोधापेक्षा महागात पडलं, कारण तेव्हापासून तो सल्ले देऊ लागला.

फलकाचा मजकूर वामनरावांनी ज्ञानेश्वरीला फोन करून विचारला. ती कामावर निघाली होती. "बाबा, आराखड्यात दहावा रकाना असतो," ती म्हणाली. "विमानात कोणती यंत्रं आहेत ते त्यात एकेका इंग्रजी अक्षरानं लिहायचं. V म्हणजे जवळ बोलायचा रेडिओ, H म्हणजे लांबचा, G म्हणजे उपग्रहावरून आपली जागा कळते, S म्हणजे नेहमीचा संच. मग तिरकी रेघ मारायची आणि पुढे रडारला ओळख देणारं यंत्र. खालचे कंट्रोलवाले ती अक्षरं बघूनच ठरवतात, कुठलं विमान कुठल्या वाटेनं न्यायचं ते."

वामनरावांचा जीव सुखावला. स्टोअर्समध्ये त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं, एकेका नट-बोल्टला अक्षर आणि आकडा. "मग आपल्या विमानाला काय लिहू?"

"आपल्या? प्लायवूडच्या?" ती हसली. "N लिहा. रेघेच्या पुढे पण N. म्हणजे काही नाही."

वामनरावांनी लेकीचा शब्द प्रमाण मानला. बबलूनं पांढऱ्या फलकावर लाल रेडियमची दोन टपोरी अक्षरं चिकटवली, मध्ये तिरकी रेघ, आणि खाली मराठीत, लोकांना कळावं म्हणून, "यंत्रसामग्री: काही नाही".

किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या येसूबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी डोक्यावरची पाटी उतरून ठेवली आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्मदाताईंकडून फलक वाचून घेतला. मग त्या वामनरावांकडे वळल्या.

"दादा, पोरीच्या लग्नात नाय लिवता? शुभकामात नाय हा शबूदच नको. आमी बोट दर्यात सोडताना कुनी इचारला, बर्फ हाय का, डिझेल हाय का, तर नसला तरी हाय बोलतो. दर्या आयकत असते."

"अहो, हे शास्त्र आहे," वामनराव म्हणाले.

"शास्त्रात लगीन करतो का आपन?" येसूबाईंनी विचारलं. वामनरावांना त्या दिवशी कोलंबी जरा जास्तच घ्यावी लागली.

मनीषचं म्हणणं वेगळं होतं, पण जायचं तिथंच होतं. "काका, विचार करा. मुलीकडचे आपण. मांडवात सगळ्यांसमोर आपणच लिहून लावायचं, काही नाही म्हणून? वरपक्षाचे लोक काय अर्थ काढतील?" हे वामनरावांच्या काळजात घुसलं. सोजराबाई फलकासमोर उभ्या आहेत, 'काही नाही' वाचताहेत आणि मग आपल्याकडे बघताहेत, असं चित्र त्यांना दिसलं. त्यांनी बबलूला बोलावून N काढायला आणि S चिकटवायला लावलं. मनीष म्हणाला, नेहमीचा संच म्हणजे अगदीच साधं वाटतं. मग G आलं. G आलं तर H का नको, आणि लांबचा रेडिओ असताना जवळचा नाही असं कसं म्हणायचं. मनीषनं मोबाइलवर सगळी अक्षरं शोधून काढली आणि एकेकाचा अर्थ मराठीत करून दिला. बबलू गुडघ्यावर बसून चिकटवत राहिला. "अंकल, जगह बची है, और कुछ?" तो दर वेळी विचारायचा, आणि जागा आहे म्हटल्यावर ती रिकामी कशी ठेवायची.

संध्याकाळपर्यंत त्या प्लायवूडच्या विमानात उपग्रहावरून बोलायचा दूरध्वनी होता, लांब पल्ल्याचा रेडिओ होता, रडारला उत्तर देणारं यंत्र होतं, आणि T या अक्षराखाली "लष्करी दिशादर्शक" होतं. ज्ञानेश्वरीला पुन्हा विचारावं असं वामनरावांना एकदा वाटलं. पण मुलगी लग्नाच्या गडबडीत, तिला कशाला त्रास, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला सारला. खरी गोष्ट अशी, की ती काय म्हणेल याची त्यांना थोडी कल्पना होती, म्हणून लग्नाच्या सकाळपर्यंत त्यांनी फलकावर चादर टाकून ठेवली.

लग्न पालघरला. सकाळी उजाडताच टेम्पो निघाला. मागं विमान दोरखंडांनी बांधलेलं, शेजारी फलक, पुढं ड्रायव्हरजवळ वामनराव, मांडीवर नवा फेटा. वाटेतल्या एका नाक्यावर पोलिसांनी टेम्पो बाजूला घेतला. हवालदार मागं गेले, आणि बराच वेळ पुढं आलेच नाहीत. वामनराव खाली उतरले तर हवालदार फलकाजवळ वाकून एकेक शब्दावर बोट ठेवत वाचत होते.

"उपग्रह दूरध्वनी," हवालदार म्हणाले. "परवानगी आहे?"

"अहो, हे रुखवत आहे."

"ते दिसतंय. रुखवतात उपग्रह दूरध्वनी कशाला लागतो?"

वामनरावांनी सुरुवात केली, "अहो, विमान उडायच्या आधी," आणि हवालदारांनी हात वर केला. "काका, शेजारी अणुवीज केंद्र आहे. पोरांनी खेळण्यातलं ड्रोन उडवलं तरी वरून विचारणा होते. आणि तुम्ही लष्करी दिशादर्शक घेऊन चाललाय. वर पाटी लावून."

"आत काही नाही हो. नुसतं प्लायवूड आहे."

"मग लिहिलंय कशाला?"

जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं विचारला असता तो प्रश्न हवालदारांनी विचारला, आणि वामनरावांना त्याचाच भयंकर राग आला. मुलीचा बाप, डोक्यावर लग्न, आणि रस्त्यात उभं करून जाब विचारतात. आपण कोण, आपली मुलगी कोण, हे याला कुणी सांगायचं. पण टेम्पोच्या ड्रायव्हरनं घड्याळाकडे बोट दाखवलं. शेवटी असं ठरलं की वामनरावांनी कोऱ्या कागदावर लिहून द्यावं. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, "सदर विमानात कोणतीही वस्तू नाही." हवालदारांनी खात्री म्हणून विमानाच्या पोटावर थाप मारली. आतून काहीतरी गडगडलं. पोटाचं झाकण उघडलं तर आत नर्मदाताईंनी जागा वाया जाऊ नये म्हणून ठेवलेले लाडवांचे डबे आणि चिवड्याची पिशवी.

"कोणतीही वस्तू नाही म्हणालात," हवालदार म्हणाले, आणि कागद परत पुढं केला. वामनरावांनी दात-ओठ खात वर लिहिलं, "लाडू व चिवडा वगळता". रोज मुलगी विमानांसाठी सही करते आणि आज बापाला लाडवांसाठी करावी लागली, हा अपमान त्यांनी गिळला. हवालदारांनी एक लाडूही घेतला नाही, याचाही त्यांना राग आला.

हॉलवर रुखवत मांडलं तेव्हा मात्र विमान खरंच शोभून दिसत होतं. सुपारीचे भटजी पंखाखाली बसवले होते, तुळस शेपटीजवळ, आणि फलक सगळ्यांना दिसेल असा पुढं. ज्ञानेश्वरी आत गौरीहराला बसली होती. वराकडच्या बायकांचा घोळका रुखवत बघायला आला. मधोमध सोजराबाई, डोक्यावरून पदर, हातात पर्स. जवळच भिंतीशी खुर्चीत त्यांचे यजमान बसल्या बसल्या झोपले होते. वामनराव फेटा सावरत फलकाजवळ उभे राहिले. घसा साफ केला. हीच ती योग्य वेळ.

पण घोळक्यानं भलतंच काही वाचलं. भाग्येशच्या आत्यानं फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे दिशादर्शक म्हंजे गाडीत पुढं बसवत्यात ते ना? मग गाडी कुठं लावलीया?" दुसरी म्हणाली, दूरध्वनी दिलाय तर दाखवा, नुसतं लिहून काय उपयोग. मुलीकडच्यांनी मांडवात यंत्रसामग्री अशी यादी लावली, तर ती संसाराला दिलेल्या वस्तूंचीच असणार, याबद्दल एकाही बाईच्या मनात शंका नव्हती. वामनराव घाम पुसत समजावू लागले की हे काही देण्याघेण्याचं नाही. "मग लिवलंय कशाला?" आत्यानं विचारलं. एका सकाळीत दुसऱ्यांदा.

तेवढ्यात मामा ज्ञानेश्वरीला गौरीहरावरून उठवून घेऊन आले. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातभर मेंदी. मांडवाकडे जाताना तिची नजर फलकावर गेली, आणि ती थांबली. मामा दोन पावलं पुढं जाऊन परत आले.

"बाबा, हे कुणी लिहिलं?"

वामनरावांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"T? आपण लष्करात आहोत का?" ती फलकापुढं गुडघ्यावर बसली आणि मेंदीच्या बोटांच्या नखांनी रेडियमची अक्षरं खरवडू लागली. T निघालं. H निघालं. खालची मराठी पट्टी ओढल्यावर सबंध निघून आली. नर्मदाताई म्हणाल्या, "अगं, मेंदी खराब होईल." गुरुजींचा माइकवरून आवाज आला, मुलीला घेऊन या, मुहूर्त जवळ आला. ती म्हणाली, "येते. हे आधी काढते. असलं लिहिलेलं विमान मी काही सुटू देत नाही."

"काय गं," सोजराबाई पुढं आल्या. "रुखवताचं इमान हाय, उडणार थोडंच. ऱ्हाऊ दे की."

"नाही, आई. यात नियम आहे. जे विमानात आहे, जे चालू आहे, आणि जे चालवणाऱ्याला येतं, तेवढंच लिहायचं. तिन्हीतलं एक नसेल तर अक्षर लिहायचं नाही. नसलेलं लिहिलं, तर खालचा माणूस त्याच्या भरवशावर विमान ढगात पाठवतो."

सोजराबाईंनी त्या अक्षरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आन हे तू बघतीस?"

"हो. माझी सही असते."

"रोज?"

"रोज. दिवसपाळी असली तर दिवसा, रात्रपाळी असली तर रात्रभर."

रात्रपाळीचं ते असं निघून गेलं. भूल नाही, काही नाही, नुसता चाकू. सोजराबाई सावकाश वळल्या.

"पाव्हणं, बैठकीत तुम्ही म्हणला हुता, ड्यूटी सोयीची हाय."

"सोयीचीच आहे," वामनराव म्हणाले. "म्हणजे, विमानांच्या."

मुंडावळ्या बांधलेला भाग्येश गर्दीतून वाट काढत आला. "आई, मला माहीत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, हिचे बाबा सांगतील."

"तू गप ऱ्हा. तुला बोलायचं हुतं तवा बोलला न्हाईस." सोजराबाईंनी पर्स काखेत मारली आणि भिंतीशी झोपलेल्या यजमानांकडे बोट केलं. "ते बघा आमचं मालक. उभा जल्म तारापुरात कापडाच्या मिलमदी रातपाळी केली. आता निवृत्त झाल्यात, तरी दिवसा डोळा लागतोय. त्यांची झोप मोडू न्हाई म्हणून कुकरची शिट्टी वाजायच्या आधी मी गॅस बंद केलाय. पोरं उचलून शेजारणीच्या दारात नेऊन बसवलीत. भर दुपारी दाराला पोतं लावून अंधार केलाय. आन मला रातपाळीचं भ्या घालता व्हय?"

"तसं नाही हो."

"तसंच हाय. पोर रातपाळी करती ह्याचा मला राग न्हाई. तुम्ही मला सांगण्याजोगी समजला न्हाईत, ह्याचा हाय." त्यांनी भाग्येशकडे वळून पाहिलं. "आता ही सकाळी घरला येऊन झोपली, की शिट्टी कुणी बंद करायची? ह्या भाग्येशला साधा गॅस पेटवता येत न्हाई. तवा सांगितलं असतं तर येवढ्या दिवसांत शिकवून ठेवला असता की मी. ते समदं दिवस तुम्ही वाया घालवलंत."

वामनरावांनी तोंड उघडलं. इतक्या महिन्यांचा राग त्यांच्याजवळ तयार होता, मनीषवर, हवालदारांवर, बबलूच्या वाघावर, डिस्पॅच म्हणणाऱ्या सगळ्या बोईसरवर. त्यातला कुठलाच इथं चालवण्यासारखा नव्हता. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलंच." सोजराबाई ज्ञानेश्वरीजवळ खाली बसल्या आणि एका अक्षराची कड नखानं उचलून देऊ लागल्या. "बाकी काय काय काढायचं ऱ्हायलंय, ते आत्ताच काढा. त्या बायोडाट्यात लिवलं हुतं, गृहकृत्यदक्ष. त्येचं काय?"

नर्मदाताई सुपारीच्या भटजींची मांडणी नीट करू लागल्या. ज्ञानेश्वरीनं बापाकडे पाहिलं. "ते बाबांनी लिहिलंय."

"काय येतं तुला?"

"चहा."

"चालू हाय न्हवं? का तो बी नुसता लिवायचा?"

"चांगला येतो, आई."

"मग चहा ठिवा, बाकीचं काढा. आन भाग्येशच्या बायोडाट्यात मी मनमिळाऊ लिवलंय, ते बी काढा. सकाळचा चहा मिळंपतुर तो कुणाशी एक शबुद बोलत न्हाई."

भाग्येश लाजून हसला. गुरुजींनी तिसऱ्यांदा हाक मारली. सोजराबाईंनी गुडघ्यावर हात टेकून उठत सुनेला हाताला धरून उठवलं, तिच्या नखांत अडकलेलं लाल रेडियम आपल्या पदरानं पुसलं आणि तिला स्वतःच मांडवाकडे घेऊन चालल्या. मामा रिकाम्या हातांनी मागून गेले. अंतरपाट धरला गेला. वामनराव मूठभर अक्षता घेऊन नर्मदाताईंशेजारी उभे राहिले. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. रागवायला कुणी सापडेना, म्हणून त्यांनी डोळे पुसले.